गळा उघडला!

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे ते साचतात, आणि एखाद दिवशी कोणी बटण दाबलं की सगळ्यांच्या अंगावर येतात. आमच्यात बटण दाबायचं काम बापूंचं. कुठेही चहाला बसलो की त्यांचं सुरू, "सुनंदाबाई, तो कंडक्टरचा सांगा ना!" मग मी सांगते. लोक पोट धरून हसतात. तेव्हा मात्र त्या मागच्या खोलीत आम्हाला कोणालाच हसू येत नव्हतं, हे मी सांगत नाही. कशाला उगाच लोकांचा चहा कडू करा!

तर, आमची एक गायन पार्टी होती. धुळ्यात, देवपुरात. जयंत्या, लग्नं, विहारातले कार्यक्रम. अण्णा गायचे. बापू पेटी वाजवायचे आणि गाणी लिहायचे. आमचे हे ढोलकीवर आणि मी कोरसला. कोरस म्हणजे मी एकटीच, पण पत्रिकेत 'आणि संच' असं छापायचे!

अण्णा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर. मूळचे दोंडाईच्याकडचे, त्यामुळे घरीदारी खानदेशीच बोलायचे. त्यांची बायको, आमच्या अक्का, माहेरच्या जळगावच्या, बोलणं शहरी. बापूही जळगावचे, तिथे त्यांचं शिवणकामाचं दुकान. मी कचेरीत टायपिस्ट. एवढीच माणसं. आता ऐका.

*

अण्णांचा आवाज दिवाळीपासून बसलेला. गायकाचा गळा आहे, बसायचाच, असं म्हणत आम्ही हिवाळा काढला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, कोणी सांगितलेला काढा झाला. शेवटी मार्चात अक्का त्यांना धरून नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. साल अठ्ठ्याण्णव.

परत आले तेव्हा आम्ही सगळे आमच्या घरी वाट बघत बसलेलो. बापू खास जळगावहून आलेले. अण्णा आत आले, सतरंजीवर बसले, पाणी प्याले.

"काय म्हणाले डॉक्टर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "पेटी काढनी पडी."

"काढतो की! त्यात काय!" बापू उठलेच. फळीवरची पेटी उतरवली, वरचं फडकं सोडलं, भाता मोकळा केला आणि काळी चारवर बोट ठेवून विचारलं, "कोणतं घेऊ?"

दारातून अक्का म्हणाल्या, "ती पेटी नव्हे हो बापू. गळ्यातली."

बापूंचा हात भात्यावर चालूच राहिला. सूर वाजतच राहिला. शेवटी अण्णांनीच वाकून भाता मिटवला.

*

ऑपरेशनचा नंबर दीड महिन्यानंतरचा लागला होता. त्यानंतर अण्णा गाणार तर नाहीतच, बोलणारही नाहीत. आणि इतकी वर्षं गावोगाव गाऊन आमच्या पार्टीची एकही कॅसेट निघालेली नव्हती! जो तो म्हणायचा, काढू की, घाई काय आहे.

अण्णांनी एकदाच सांगितलं, "एक कॅसेट व्हवाले पाहिजे. मंग काय काढनं ते काढा."

जळगावच्या एका स्टुडिओत जाऊन आलो. पण अण्णांचा गळा आता दिवसातून एकदाच उघडायचा. गरम पाणी पिऊन, शांत बसून, कधीतरी. तोही थोडा वेळ. त्या दिवशी एसटीत एरंडोलजवळ उघडला आणि जळगाव यायच्या आत बंद झाला! स्टुडिओवाला घड्याळ बघत बसला, आम्ही अण्णांच्या तोंडाकडे.

तेव्हा बापूंच्या ओळखीचे पाटील सर म्हणाले, "कॉम्प्युटर घ्या. आज एक ओळ गा, उद्या दुसरी गा. जोडायचं काम मशीनचं." सरांचा जळगावात कॉम्प्युटर क्लास होता. तो बंद पडला होता आणि मशीनं घरात पडून होती.

अण्णा म्हणाले, "म्हंजे गोधडीच शे ना मंग!"

"तसंच समजा," सर म्हणाले.

*

हाच तो कंडक्टरचा किस्सा. बापू आणि आमचे हे कॉम्प्युटर आणायला गेले. खोकं टपावर टाकायला जीव होईना. म्हणून मॉनिटर जुन्या साडीत गुंडाळून बापूंनी मांडीवर घेतला.

कंडक्टर आला. "या टीव्हीचं तिकीट लागेल."

बापू आधीच फुगलेले. म्हणाले, "टीव्ही काय म्हणता! कॉम्प्युटर आहे हा. माणसासारखं काम करतो!"

"माणसासारखं करतो ना? मग फुल तिकीट!"

बापूंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तिकीट काढलं. आता खरी गंमत. पुढच्या स्टॉपला एक म्हातारी चढली आणि म्हणाली, भाऊ, सरका जरा. बापू उठले. मॉनिटर आपल्या जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आजी, माझ्याजवळ बसायला जागा नाही. पण याचं तिकीट आहे, हा बसेल!" आणि स्वतः पारोळ्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. म्हातारीही उभीच! आमच्या ह्यांनी आपली जागा दिली म्हणून बरं, नाहीतर तिने बापूंना तिथेच धुतलं असतं.

*

घरी आणल्यावर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि मग प्रश्न आला, हा चालवायचा कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला टायपिंग येतं ना? मग हेही येईल!" आमचे हे म्हणाले. पुरुषांचा हा हिशेब मला फार आवडतो. पोळी येते ना, मग विमान येईल!

पाटील सर रविवारी शिकवायला यायचे. माणूस सज्जन, पण क्लास बुडाल्यापासून चेहरा कायम उतरलेला. काहीही विचारा, एकच उत्तर. आवाज येत नाही? "फॉरमॅट मारावं लागेल." माउस अडकतो? "फॉरमॅट मारावं लागेल." एकदा मी विचारलं, सर, चहात साखर कमी आहे का? तर सवयीने "फॉर..." म्हणून थांबले!

एका रविवारी अण्णा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "सर, फॉरमॅट म्हंजे काय?"

सर समजावायला लागले. शिकवताना रंगायचे बिचारे. "म्हणजे अण्णा, आतलं सगळं पुसून टाकायचं. मशीन मरत नाही, नंतर नीट चालतं. फक्त आधीचं त्यात काही राहत नाही."

अण्णांनी गळ्यावरून हात फिरवला. "हां. मंग नाशिकले माले बी तेच मारतीन."

त्या दिवसापासून सरांनी आमच्या घरात तो शब्द काढला नाही. मशीन पार बंद पडलं तरी म्हणायचे, "बघू, काहीतरी करू."

*

मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. एप्रिल महिना, आणि एप्रिलातलं धुळं तुम्हाला मी काय सांगू! पंखा लावला की माइकमध्ये घरघर. खिडकी उघडली की रस्त्यावरचा भंगारवाला. म्हणून खिडकी बंद, पंखा बंद आणि भिंतींना चारी बाजूंनी गोधड्या आणि गाद्या टांगलेल्या. आत अण्णा, माइक, मी आणि कॉम्प्युटर. घामाच्या धारा.

पहिल्या दिवशी अण्णा आत बसले, चौफेर बघितलं, एका गादीचा कोपरा चिमटीत धरून कापूस दाबून बघितला. मिलमध्ये आयुष्य गेलेलं, सवय जाते का! मग म्हणाले, "जनमभर यानीच गळा खादा. आते यानाच पोटमा बसीसन गाऊ."

मी हेडफोन कानाला लावला आणि स्क्रीनकडे तोंड केलं. मला रडू आलेलं त्यांना दिसू नये म्हणून. माइकला मात्र ऐकू गेलं. त्या फाइलमध्ये सुरुवातीलाच कोणीतरी नाक ओढलंय!

शेजारच्या मालतीबाईंचा कुकर हा आणखी एक शत्रू. नेमका अण्णांचा गळा उघडला की त्यांची डाळ शिजायची. मी जाऊन हात जोडले. त्या बिचाऱ्या रोज विचारायला लागल्या, "झालं का तुमचं? लावू का कुकर?" एका दिवशी त्या विसरल्या. अण्णांनी तान घेतली आणि वरून शिट्टी! मी बटण बंद करणार, तर त्या दिवशी आत बसलेल्या बापूंनी माझा हात धरला. डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "थांबा! शिट्टी सुरात आहे!"

*

एप्रिल म्हणजे आमचा हंगाम. जयंतीच्या महिन्यात आम्हाला जेवायला फुरसत नसायची. त्या वर्षी सगळ्या सुपाऱ्या परत केल्या. आवाज जपायचा म्हणून डॉक्टरांनी अण्णांना बोलायलाही मनाई केली होती. बोलायचंच तर कुजबुजून.

मुक्ताईनगरचे दोघेजण कार्यक्रम ठरवायला आले. दरवर्षीचे लोक. अण्णांनी त्यांना बसवलं आणि कुजबुजत म्हणाले, "यंदा जमाव नही."

समोरचा माणूसही कुजबुजला, "का बरं?"

अण्णा कुजबुजले, "गळा."

आता गंमत बघा, मी चहा घेऊन गेले तर मीसुद्धा कुजबुजले, "साखर पुरे का?" आमचे हे बाहेरून आले, त्यांनी चपला हळूच काढल्या आणि कुजबुजले, "कधी आलात?" पाचही माणसं अर्धा तास कुजबुजत होती! कोणालाही नरडं साफ करायची हिंमत होईना. जाताना ते दोघे चक्क चवड्यांवर चालत फाटकाबाहेर गेले.

गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. टपरीवाल्याने त्यांना तसं येताना बघितलं आणि आमच्या घराकडे बघून खड्या आवाजात विचारलं, "कोण वारलं हो?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. अण्णांनीही ऐकलं. ते कुजबुजत म्हणाले, "सांगा त्याले, टाइम शे."

*

अण्णांचा गळा कधी उघडेल याचा नेम नाही आणि मी कचेरीत. म्हणून ठरलं होतं, गळा उघडला की अक्कांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून कचेरीत फोन करायचा. निरोप फक्त दोन शब्दांचा, "गळा उघडला." मी यायचं.

पहिल्यांदा फोन आला तो उचलला रोकड सांभाळणाऱ्या नाझरांनी. त्यांना ऐकू कमी. त्यांनी शिपायाला सांगितलं, शिपायाने पुढच्या टेबलाला सांगितलं आणि माझ्यापर्यंत निरोप आला तो साहेबांच्या तोंडून! साहेब स्वतः केबिनबाहेर आले, घाम पुसत. "सुनंदाबाई, तुम्ही घाबरू नका. बसा. पाणी प्या. तुमच्या घरी कोणाचा तरी गळा कापलाय!"

मी ताडकन उठले. "अय्या, उघडला वाटतं!" म्हणाले आणि पर्स उचलून धावले.

साहेबांनी काय विचार केला असेल देव जाणे. पण त्यानंतर त्यांनी मला कधीच रजेला नाही म्हटलं नाही.

आणि घरी पोहोचले, त्या दिवशीचं सांगू? अण्णांनी अख्खं गाणं एका दमात म्हटलं. तीनही कडवी. इतके दिवस ओळ-ओळ गोळा करत होतो आणि त्या दिवशी अख्खं गाणं. शेवटच्या ओळीला मी बोट 'सेव्ह'वर नेलं आणि लाइट गेली.

स्क्रीन काळा. खोलीत अंधार. उकाडा.

"गये का?" अण्णांनी विचारलं.

"हो अण्णा."

"बठ्ठं?"

"सगळं."

त्यांनी सदऱ्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "बरं व्हयनं. तिसऱ्या कडव्याले मी चुकेल व्हतू."

कुठेही चुकले नव्हते. मी हेडफोन लावून अक्षर अन् अक्षर ऐकलं होतं. तसं गाणं त्यांना पुन्हा जमलं नाही.

*

पुढे मी कापायला शिकले. म्हणजे काय, स्क्रीनवर आवाजाची एक रेघ दिसते, हिरवी, वरखाली होणारी. नको तो तुकडा निवडायचा आणि काढून टाकायचा. अण्णांचा खोकला मला त्या रेघेत न ऐकताच दिसायला लागला. बाभळीच्या काट्यासारखा उभा. दिसला की काढ, दिसला की काढ.

अण्णा बघत बसायचे. एकदा म्हणाले, "हाऊ खोकला गया?"

"गेला."

"दुखनं बी नही?"

"कोणाला दुखणार अण्णा? मशीन आहे."

"मंग नाशिकले कसाले जावानं? माले आठेच बसाडा ना!"

यावर आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले आणि हात इतका सैल झाला की पुढे मी सगळंच साफ करत सुटले. खोकला काढला, खाकरणं काढलं, मग वाटलं, ओळीओळींमध्ये हे श्वास ऐकू येतात तेही कशाला? अण्णांचा श्वास आता फार वाजायचा. सगळे श्वास काढले. गाणं कसं लख्ख झालं! रविवारी सगळ्यांना बसवून ऐकवलं. बापू म्हणाले, वा. पाटील सर म्हणाले, प्रोफेशनल.

अण्णा ऐकता ऐकता नेहमीप्रमाणे ओठ हलवत सोबत म्हणत होते. आवाज न काढता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. गाण्यातला माणूस थांबेना आणि त्याच्यासोबत म्हणणाऱ्या अण्णांना श्वास घ्यायला जागा मिळेना! शेवटी हात वर करून धापा टाकत म्हणाले, "बाई, मरी जाई तो! त्याले जरा दम लेऊ द्या!"

त्या रात्री मी सगळे श्वास परत जागेवर बसवले. एकही सोडला नाही.

*

पाटील सरांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट बापूंच्या कानाला कळली. एक गाणं आम्ही महिनाभर ओळ-ओळ जमवलं होतं. सगळ्या ओळी जोडल्या आणि लावलं. सुरुवात काळी चारला. दुसरं कडवं जरा खाली. तिसरं आणखी खाली. गाणं पायऱ्या उतरत उतरत तळघरात चाललेलं! बापूंची पेटी आपली वरच्या पट्टीत वाजतेय आणि अण्णा खाली कुठेतरी.

रोज ऐकताना आम्हाला कळलं नव्हतं. एकत्र लावल्यावर अण्णांचा अख्खा महिना समोर आला.

सर घाईघाईने म्हणाले, "काळजी नको, आवाज वर चढवता येतो." त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि अण्णांचा आवाज असा चिरका, बारीक झाला की बस्स!

अण्णा मांडीवर थापा मारत हसले. "हाऊ तं मना नातू गायी राहिना!" हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. अक्का पाणी घेऊन आल्या, पाठ चोळली.

खोकला थांबल्यावर बापूंनी पेटी पुढे ओढली. "सर, ते बटण परत करा. अण्णांना वर चढवायचं नाही. पेटी खाली येईल." आणि त्यांनी जळगावचं दुकान आठवडाभर बंद ठेवून आमच्याकडे मुक्काम केला आणि एकेका कडव्याची पेटी अण्णांच्या त्या त्या दिवसाच्या पट्टीत नव्याने वाजवली. वर बघतील तर शपथ. दुकानावर लग्नसराईचे कपडे पडून होते. गिऱ्हाइकांनी किती शिव्या घातल्या असतील! बापूंना विचारलं की म्हणतात, "लग्न काय, जुन्या कपड्यातही लागतं!"

*

आता शेवटचा. हा बापू मला सांगायला लावत नाहीत. मीच सांगते.

नाशिकला जायला दोन दिवस उरले. सगळी गाणी झाली होती, एक सोडून. बापूंनीच लिहिलेलं, विहारात बुद्धपौर्णिमेला म्हणायचं. त्याचं धृपद असं होतं: 'चिखलातूनच वर येतं, पाण्यावर उभं कमळ'. गाणं रेकॉर्डही झालं होतं. पण पाटील सर ऐकताना म्हणाले, "सुनंदाबाई, तुमच्याकडून काहीतरी कापलं गेलंय. प्रत्येक धृपदाला शेवटचा शब्दच नाही!"

मी आणि बापू एकमेकांकडे बघायला लागलो. कापलं काही नव्हतं. अक्कांचं नाव कमळ.

अण्णांनी जन्मात कधी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. त्या पिढीत कोण घेतं! मी स्वतः अजून 'आमचे हे' म्हणते, हसू नका. घरात अक्कांना हाक मारायची तर "आयकस का" म्हणायचे. आणि कार्यक्रमात हे गाणं आलं की 'पाण्यावर उभं' म्हणून अण्णा थांबायचे, आमचे हे ढोलकीवर थाप मारायचे आणि 'कमळ' मी म्हणायची. सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मांडवातले लोक मुद्दाम ओरडायचे, "अण्णा, घ्या की नाव!" अण्णा लाजून पेटीकडे बघायचे. पुढे सगळा मांडवच तो शब्द म्हणायला लागला.

पण गोधड्यांच्या खोलीत मांडव कुठून आणायचा?

मी म्हटलं, "अण्णा, मी म्हणून टाकते, नेहमीसारखं."

ते हो म्हणाले. मी माइकपुढे बसले. दोनदा म्हटलं. सुरात होतं, तालात होतं. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तू जराशी बाहेर जा. हाई लाल बटन दाबानं ना?"

"हो. पण एकट्याने..."

"बठ्ठा बाहेर जा."

आम्ही सगळे ओसरीवर आलो. अक्का तिथे कुरडया घालत होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं? बापू म्हणाले, काही नाही, तुमचं चालू द्या. गोधड्यांमुळे आतलं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ गेला. बापूंनी दोनदा दाराला कान लावला. मग अण्णा बाहेर आले, घामाने निथळत. अक्कांच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला, प्याले आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बरा लागी तो लाय." आणि घरी गेले.

मी फाइल उघडली. गाणं नव्हतंच. नुसता तो एक शब्द. पहिल्यांदा इतका हळू की रेघ हललीच नव्हती. मग जरा मोठा. मग पट्टीत. मग पट्टीच्या वर, फुटलेला. मग बोलल्यासारखा. मग शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक. मग दार वाजवून, आहेस का, असं विचारल्यासारखं. मध्ये खोकला. पुन्हा तेच. शेवटी शेवटी आवाज संपून नुसती हवा, तरी तेच.

सुरातले चांगले चार-पाच होते. मी घेतला तो सुरात नव्हता. बापू म्हणाले, "हा बेसूर आहे." मी म्हटलं, "असू द्या."

ऑपरेशन झालं. अण्णा महिनाभराने घरी आले. गळ्याला पांढरं फडकं, पुढ्यात स्टीलचा पेला आणि चमचा. काही हवं असलं की चमचा पेल्यावर वाजवायचे. कॅसेट तयार होऊन आली होती, पण आम्ही ती त्यांच्या पुढ्यात नेण्याचं टाळत होतो. बापूंनी धीर केला. एका रविवारी सगळे अण्णांच्या घरी जमलो. अण्णा खाटेवर, आम्ही खाली सतरंजीवर. अक्का स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी थापत होत्या. त्यांना या म्हटलं तर म्हणाल्या, तुम्ही ऐका, मला कामं आहेत.

टेप लावला. एकामागून एक गाणी झाली. अण्णा डोळे मिटून ओठ हलवत होते. मग ते गाणं आलं. 'चिखलातूनच वर येतं, पाण्यावर उभं' आणि ढोलकीची थाप.

"कमळ!"

"ओ! आले, आले!" स्वयंपाकघरातून अक्कांनी ओ दिली.

आणि आल्याच, पिठाच्या हातांनी, पदर सावरत, धावत. टेपकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि अण्णांना विचारलं, "काय पाहिजे?"

बापूंनी टेप बंद करायला हात पुढे केला. अण्णांनी तो बाजूला सारला, आणि स्वतः वाकून टेप थोडी मागे घेतली.